चाळिशीत वाचन लागलं, पण घरची माणसं दूर गेल्यासारखी वाटतात

आलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे आहेत. बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये नोकरी, आठवड्याआड सेकंड शिफ्ट, घर खानापूर रस्त्याला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग आयटीआय. पाठ्यपुस्तक सोडलं तर दुसरं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पाय मोडून घरी बसले, तेव्हा शेजारच्या मास्तरांनी एक कादंबरी आणून दिली, आणि तेव्हापासून वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलं शाळेला गेली की जेवणाच्या वेळेपर्यंत वाचतात, फर्स्ट शिफ्टला रात्री. बायको म्हणते, "माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय." आई म्हणते, "या वयात कुठली परीक्षा द्यायची राहिलीय?" मुलगा नववीत, मुलगी पाचवीत, दोघंही इंग्रजी माध्यमात, मराठी पुस्तकाला हात लावत नाहीत. त्यांनी विचारलंय: घरच्यांना वाचनाची गोडी कशी लावू? की मीच वाचन कमी करू?

मी बेळगावातल्या एका मराठी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बरीच वर्षं काम करते आहे. मोठेपणी वाचायला लागलेली माणसं मला नवी नाहीत. निवृत्त झालेले, दुकान मुलाच्या हाती सोपवलेले, दवाखान्यात नातेवाइकाजवळ बसून वेळ काढता काढता वाचनाला लागलेले, असे पुष्कळ येतात. ती ओळखूही येतात. लहानपणापासून वाचणारा माणूस परत करायचं पुस्तक टेबलावर ठेवतो आणि तडक कपाटाकडे वळतो. मोठेपणी लागलेला माणूस पुस्तक पुढे करतो, पण त्यावरचा हात काढत नाही. "हे चांगलं होतं," म्हणतो आणि तिथंच उभा राहतो. त्याला अजून काहीतरी सांगायचं असतं. शेवटी त्या म्हाताऱ्याचं असं का झालं, हे मला आधी का कळलं नाही, आमच्या गल्लीत पण एक असाच होता. घरी हे ऐकायला कुणी नसतं म्हणून तो ते माझ्यापाशी बोलतो. मागे माणसं उभी असली तरी मी ऐकून घेते, कारण माझ्या मते ते माझ्या कामाचाच भाग आहे.

तुमच्या पत्रात मला तोच माणूस दिसला. घरच्यांना गोडी लावायची आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्हाला हवी आहे ती सोबत. एवढं मोठं काहीतरी आयुष्यात आलं आणि ते वाटून घ्यायला जवळचं कुणीच नाही, हे तुमचं खरं दुखणं. आता बायकोचं वाक्य पुन्हा वाचा. घरात असून नसल्यासारखा. तीही सोबतच मागते आहे. आईचं आणि मुलांचं थोडं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते. वाचन कमी केल्यानं ही अडचण सुटणार नाही, कारण पुस्तक खाली ठेवून तुम्ही गप्प बसलात तर तिला काय मिळालं? आणि घरच्यांना वाचायला लावण्याच्या मागे लागलात तर तुम्ही आणखी दूर जाल.

काही गोष्टी मला तुमच्या पत्रातून कळत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. घर किती खोल्यांचं आहे? बायको बाहेर कामाला जाते का? तिला वाचनाची आवड आधी कधी होती का, की शाळाच लवकर सुटली? आईला ऐकू नीट येतं का? दोन खोल्यांत पाच माणसं असतील तर एकट्यानं शांत बसून वाचण्याची कल्पनाच वेगळी करावी लागते. तेव्हा मी सांगते त्यातलं तुमच्या घराला लागू पडेल तेवढंच घ्या.

पहिली गोष्ट वेळेची, आणि ती जरा स्पष्ट बोलते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही सकाळी मुलं गेल्यावर वाचता. त्या वेळी तुमच्या घरात काय काय चाललेलं असतं? बेळगावच्या पाण्याचं आपल्याला माहीत आहे. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी भांडी भरणं, त्याच पाण्यात धुणं, मग आईची आंघोळ, तुमचा शिफ्टचा डबा, दुपारचा स्वयंपाक. घरातल्या सगळ्यात जास्त कामाच्या तीन-चार तासांत एक धडधाकट माणूस खुर्चीत बसून आहे. तुम्ही काय वाचताय हे तिला दिसत नाही. तिला खाली घातलेली मान दिसते. तुमच्या हातात मोबाईल असता तरी तिला तेवढंच दिसलं असतं. पुस्तक चांगलं आणि मोबाईल वाईट हा फरक वाचणाऱ्याला कळतो, भरलेली बादली उचलणाऱ्याला कळत नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडे येणाऱ्या बायकांत अशा कितीतरी आहेत ज्या पुस्तक भाजीच्या पिशवीत तळाला ठेवून नेतात. कुणी वाईट वागतं म्हणून नव्हे, पण "वाचायला वेळ मिळतो वाटतं" हे ऐकायला नको म्हणून. सगळ्यांची जेवणं झाली, ओटा पुसला, सकाळचं भिजत घातलं, मग त्यांचं पान उघडतं. पुरुषाला असं लपवावं लागत नाही. तुम्हाला जो वाचनाचा तास मिळाला तो कुणीतरी दुसऱ्यानं काम ओढल्यामुळे मिळाला. तुम्ही तो चोरलात असं मी म्हणत नाही, तुम्हाला बहुधा जाणवलंही नसेल. पण तुमच्या बायकोला असा तास लग्न झाल्यापासून कधी मिळाला आहे का, हे स्वतःला विचारा.

म्हणून माझा सल्ला असा की वाचन कमी करू नका, त्याची वेळ बदला आणि ती वेळ घरात सांगून ठेवा. सकाळचं एखादं काम पूर्णपणे तुमचं करा. मदत म्हणून नको, तुमचंच. पाणी भरणं घ्या, किंवा आईचं सगळं सकाळचं घ्या. ते झालं की सांगून बसा: "आता मी तासभर वाचतो." मी हे कित्येक घरांत चालताना पाहिलं आहे. घरच्या माणसांना तासाचा त्रास होत नाही, तो तास कधी संपणार हे माहीत नसण्याचा होतो. हाक मारली की "हं, थांब, एवढं पान" म्हणायचं आणि ते पान अर्धा तास चालायचं, यानं माणसं चिडतात. ठरलेल्या वेळी पुस्तक मिटा, गोष्ट कितीही ऐन रंगात आलेली असली तरी. नव्या वाचकाला हे फार जड जातं, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं वाया गेली, आता भरून काढायला हवीत, अशी एक घाई त्याच्या मनात असते. भरून काढण्यासारखं काही नसतं. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत, आमच्याकडे मुदत वाढवूनही मिळते.

आता सोबतीचं. यात मला एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते. वडगावच्या एक बाई आमच्याकडे येतात, घरी यंत्रमाग आहेत. माग चालू असले की त्या घरात एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. बाईंना पस्तिशीनंतर वाचन लागलं, तेही असंच अचानक, मुलीला सुट्टीत घेऊन आल्या आणि स्वतःच बसून राहिल्या. नवऱ्याची कुरकुर सुरू झाली. बाईंनी त्याला कधी "तुम्ही पण वाचा" म्हटलं नाही. लाईट गेली की माग थांबतात, सगळं एकदम शांत होतं, दोघं दारात येऊन बसतात. अशा वेळी त्या आदल्या रात्री वाचलेलं सांगायला लागल्या. जेवढं वाचून झालं असेल तेवढंच. पुढचं त्यांनाही माहीत नसायचं. एक दिवस तो माणूस सुताचा माल पोचवायला जाता जाता आमच्या दारात सायकल लावून आत आला. मला म्हणाला, "त्या पोराचं पुढं काय झालं हो? ही सांगिना झालीय, म्हणते अजून वाचायची हाय." मी त्याला सांगितलं नाही. पुस्तक दाखवलं, तो हसला, आणि "तिलाच विचारतो," म्हणून गेला. तो आजही वाचत नाही. पण बायको पुस्तक घेऊन बसली की त्याला ते आपल्याविरुद्ध वाटत नाही, कारण त्यातलं काहीतरी संध्याकाळी आपल्यापर्यंत येणार हे त्याला पक्कं माहीत असतं.

तुमच्या घरात नेमकं हेच राहून गेलंय. तुम्ही पुस्तकात जाता आणि परत येताना हात हलवत येता. जे पाहून आलात ते सांगा. जेवताना पाच मिनिटं. पण सांगणं म्हणजे बोध नव्हे. "या पुस्तकातून असं शिकायला मिळतं" म्हणालात की मुलगा ताट घेऊन उठेल. "एक माणूस असतो, तो असं असं करतो, आणि आता मला कळत नाही तो घरी काय सांगणार" असं सांगा. माणसांबद्दल सांगा. गल्लीतल्या माणसांबद्दल आपण सांगतो तसंच.

सांगण्यापुढची पायरी मोठ्यानं वाचून दाखवणं. ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. बेळगाव-खानापूरच्या कितीतरी गावांत अजून पारायणं होतात, श्रावणात पोथी लागते, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत अक्षर न येणारी माणसंही असतात आणि अर्थावर वाद घालण्यात तीच पुढे असतात. एकट्यानं, मनातल्या मनात, कोपऱ्यात बसून वाचायचं, हे आपल्या घरांत तसं नवं आहे. केरळात कण्णूरकडे विडी कामगारांत अशी पद्धत होती की बाकीच्यांनी विड्या वळायच्या आणि एकानं वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवायच्या, त्याच्या वाटच्या विड्या इतरांनी मिळून भरून द्यायच्या. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका पाहिल्या की मला नेहमी त्याची आठवण होते. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. तुमच्या घरातही मेथी निवडताना, तांदूळ पाखडताना, शेंगा फोडताना कान मोकळेच असतात. फक्त एक करा: तुम्ही वाचणार आणि ती निवडणार असं दरवेळी नको. शेंगा फोडायला तुम्हीही बसा, वाचायला मुलीला द्या.

कसं वाचावं याबद्दल थोडं. दहा-पंधरा मिनिटांच्या वर वाचू नका. संवाद भरपूर असलेलं निवडा, लांबलचक वर्णनं कानाला कंटाळवाणी होतात. आवाज काढायची गरज नाही, पण घाई नको. मध्ये कुणी उठून गेलं तर थांबू नका, रागावूही नका. आणि उत्सुकता शिगेला असेल तिथं थांबा, तुमच्या सोयीच्या जागी नव्हे.

आपल्या भागासाठी एक नाव मुद्दाम सुचवते. प्रकाश नारायण संत, म्हणजे आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांचे चिरंजीव. पेशानं भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या लंपनच्या गोष्टी 'वनवास'पासून सुरू होतात आणि पुढे आणखी तीन पुस्तकांत येतात. आजी-आजोबांकडे राहणारा शाळकरी मुलगा, सीमाभागातलं गाव, आणि बोलण्यात मराठीत कानडी सहज मिसळलेलं. मी हे सुचवते ते थोर साहित्य म्हणून एवढ्यासाठीच नाही. पुण्या-मुंबईच्या पुस्तकी मराठीला आपली मुलं बिचकतात, त्यांना ती भाषा शाळेची वाटते. लंपन बोलायला लागला की त्यांना आपल्या आजोळचं माणूस बोलल्यासारखं वाटतं. तुमच्या आईला तर एकेक शब्द नुसता ऐकूनच कळेल.

मुलांबद्दल आता. तुम्ही लिहिलंय की ती मराठी पुस्तकाला हात लावत नाहीत. पण ती इतर काही वाचतात का, हे लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं तुम्ही तिकडं पाहिलंच नसेल. नववीतला मुलगा क्रिकेटबद्दल, गाड्यांबद्दल, गेमबद्दल इंग्रजीतून बरंच वाचत असण्याची शक्यता आहे. तेही वाचनच. आपल्या भागात मराठी वाचनाला एक वेगळं वजन येतं, मला ते समजतं, मी मराठी वाचनालयातच आयुष्य काढलं आहे. १९४६ साली याच गावात साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यातून पुढे आली, त्या आठवणी सांगणाऱ्या घरांत आपण वाढलो. भाषा टिकली पाहिजे ही तळमळ खरी आहे आणि ती मलाही आहे. पण हे सगळं ओझं पाचवीतल्या मुलीच्या हातातल्या एका पुस्तकावर ठेवलं तर ती ते खालीच ठेवणार. भाषेवरचं प्रेम बापाच्या मांडीवर, त्याच्या आवाजातून लागतं. "मराठी माणसाची मुलं असून मराठी वाचत नाही" हे वाक्य ऐकून कुठल्या मुलानं पुस्तक उघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

अडचण कधी कधी अगदी साधी असते. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते, आणि इंग्रजी माध्यमात तिसरी भाषा बहुतेक ठिकाणी हिंदी असते. म्हणजे तुमच्या मुलांना देवनागरी येते, पण ती हिंदीतून आलेली. ती मराठी वाचायला लागली की "चमचा"मधला च आणि "झोप"मधला झ हिंदीसारखा उच्चारतात. तुम्ही हसता किंवा दुरुस्त करता. पुढे "वाऱ्यावर" किंवा "कोऱ्या" असा शब्द आला की त्या जोडाक्षराशी अडतात, कारण हिंदीत ते कधी पाहिलेलंच नसतं. रोज जी भाषा घरात फाडफाड बोलतो तीच वाचताना आपण पहिलीतल्या पोरासारखे अडखळतो, याची चौदा वर्षांच्या मुलाला फार लाज वाटते. तो "बोअर आहे" म्हणतो, आपल्याला वाटतं आवड नाही. अशा मुलाकडून मोठ्यानं वाचून घेऊ नका. तुम्ही वाचा, त्याला शेजारी बसून पानावर नजर ठेवू द्या. डोळा आणि कान एकत्र चालले की महिन्या-दोन महिन्यांत ती जोडाक्षरं आपोआप सुटतात. मुलीचं वय अजून लहान आहे, तिच्यासाठी मोठ्या टाइपाची, चित्रं असलेली पुस्तकं न्या. ती तिच्या वयापेक्षा लहान मुलांची असली तरी चालतील, फक्त तसं तिला म्हणू नका.

आणि "मोबाईल ठेव, पुस्तक घे" हे कधीच नको. त्यानं पुस्तक ही शिक्षा होऊन बसते. मोबाईलचे नियम वेगळे करा, पुस्तकाचा त्यात उल्लेख नको.

गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय असेल तर तिथंही मुलांना जाऊ द्या. २०२० पासून सरकारनं 'ओदुव बेळकु' म्हणून मुलांसाठी तिथं मोफत सभासदत्व सुरू केलं, आता या केंद्रांना अरिवु केंद्र म्हणतात. पुस्तकं कन्नडच जास्त असतात. असू देत. मुलं शाळेत कन्नड शिकतातच, तर त्यातल्या गोष्टीही वाचू देत, दोन भाषांत वाचणारं मूल तिसऱ्या भाषेतही लवकर रुळतं. आणि तसंही १९६५ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे घरपट्टीवर रुपयाला सहा पैसे ग्रंथालय कर आपण सगळे भरतोच. ती वाचनालयं आपलीही आहेत.

आईच्या वाक्याकडे येते. "कुठली परीक्षा द्यायची राहिलीय" यात टोमणा कमी आणि समजूत जास्त आहे. त्यांनी घरात पुस्तक पाहिलं ते अभ्यासाचं. पुस्तक म्हणजे पास होणं, नोकरी लागणं, नाहीतर देवाची पोथी. यांखेरीज कुणी पुस्तक का वाचेल हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. त्यांना समजावत बसू नका. दुपारी त्यांच्याजवळ बसून काहीतरी वाचून दाखवा, पोथीपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही. मग जुन्या दिवसांबद्दलचं, शेतीबद्दलचं, त्यांच्या पिढीतल्या एखाद्या बाईनं लिहिलेलं आत्मकथन. म्हातारी माणसं ऐकता ऐकता मध्येच स्वतःचं सांगायला लागतात. "आमच्याकडं पण असंच होतं." त्या क्षणी पुस्तक मिटा आणि ऐका. वाचून दाखवण्याचं खरं फळ तेच, आणि तुम्हालाही तुमच्या आईचं लहानपण कदाचित पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.

तुमच्या स्वतःच्या वाचनाबद्दल थोडक्यात. वय ४२ म्हणजे चाळिशीचा चष्मा आला असण्याची शक्यता दाट. संध्याकाळी अक्षर लांब धरावं लागत असेल, डोकं जड होत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. कितीतरी माणसं "आता मन लागत नाही" म्हणून वाचन सोडतात आणि अडचण नंबराची असते. रात्री सगळे झोपल्यावर वाचत असाल तर एक छोटा टेबल-दिवा घ्या, खोलीतली ट्यूब लावून कुणाची झोप मोडू नका. पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका, आधी वाचनालयातून न्या आणि जे परत करवत नाही तेवढंच विकत घ्या. पन्नास पानांत मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल परत करा. लोक मोठं म्हणतात म्हणून रेटून वाचण्याचं कुणी तुमच्यावर बंधन घातलेलं नाही, आणि रहस्यकथा आवडत असतील तर त्याच वाचा.

घरच्या सगळ्यांना मिळून काही करायचं असेल तर हिवाळ्यातली आपली गावोगावची साहित्य संमेलनं आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी, तुम्हाला जे जवळ पडेल ते. सकाळच्या ग्रंथदिंडीला मुलीला न्या, लेझीम-झांजा असतात, तिला मजा येईल. बायकोला आणि आईला कथाकथनाच्या सत्राला घेऊन बसा, ते ऐकायला वाचनाची सवय लागत नाही. अध्यक्षांचं भाषण सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. बाहेर पुस्तकांचा स्टॉल असेल तिथं प्रत्येकाला स्वतःच्या मनानं एक पुस्तक निवडू द्या. मुलानं चुटक्यांचं निवडलं तरी पैसे द्या आणि काही बोलू नका.

बायकोबद्दल शेवटची एक सूचना, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्या नावानं वाचनालयाचं वेगळं सभासदत्व घ्या. तुमच्या कार्डावर तिच्यासाठी पुस्तक आणणं वेगळं आणि तिचं स्वतःचं कार्ड असणं वेगळं. तिला सोबत घेऊन या, फॉर्मवर तिलाच सही करू द्या, आणि कपाटांपाशी तिला एकटीला सोडून तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसा. कुठलं घे ते सुचवू नका. बहुतेक बायका सुरुवात मासिकांपासून किंवा दिवाळी अंकांपासून करतात, आणि ती उत्तम सुरुवात आहे. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ पासूनची, त्यात कथा असते, पाककृती असते, भविष्य असतं, हसवणारं काहीतरी असतं, कुठलंही पान उघडून अर्ध्यावर सोडता येतं. ज्याचा वेळ सलग नसतो त्याच्यासाठी याहून सोयीचं वाचन नाही. बहुतेक वाचनालयांत दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते, थोडी जास्तीची वर्गणी भरली की एकामागून एक अंक घरी नेता येतात.

त्यानंतर आठवड्यातला एखादा ठरलेला वेळ तिचा करा, सेकंड शिफ्टच्या आठवड्यातली एखादी सकाळ. त्या वेळेत स्वयंपाक तुम्ही बघा, आईला काय हवं-नको ते तुम्ही बघा. तिनं त्या वेळेत वाचलंच पाहिजे असं नाही. ती झोपली, माहेरी फोन करत बसली, शेजारी गेली, तरी तो वेळ तिचाच. पहिले काही महिने तिच्या कार्डावर एकही पुस्तक गेलं नाही तरी विचारू नका, आमच्याकडे अशी कार्डं वर्ष-वर्ष पडून राहतात आणि मग एक दिवस सुरू होतात. आणि तिनं आणलेलं पुस्तक तिच्या आधी तुम्ही वाचून संपवू नका.